मोटरहोममागे ऑटोमॅटिक फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी चारही चाकांवर ओढताना

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, एकदा कॅम्पग्राउंडवर लावलं, पाण्याचा पाइप आणि विजेची केबल जोडली, की किरकोळ सामान आणायला किंवा डोंगरातल्या कच्च्या वाटेवर जायला ते अवजड धूड पुन्हा हलवणं जिवावर येतं. म्हणून अमेरिका-कॅनडात मोटरहोमवाले मागे एक लहान गाडी बांधून नेतात. तीही ट्रेलरवर न चढवता, चारही चाकं रस्त्यावर ठेवून, पुढच्या बाजूला टो बार (ओढायचा दांडा) अडकवून. याला फ्लॅट टोइंग म्हणतात. ओढल्या जाणाऱ्या गाडीला तिकडचे लोक लाडाने 'टोड' म्हणतात.

दिसायला सगळं सोपं आहे. पण चुकीची गाडी बांधली, किंवा गाडी बरोबर असून एक बटण चुकलं, तर एका दिवसाच्या प्रवासात आख्खा गिअरबॉक्स भंगारात जातो. गाडी ऑटोमॅटिक असली आणि वर फोर-व्हील-ड्राइव्हही असली, की बहुतेकांचा गोंधळ उडतो. 'न्यूट्रलला टाकली की झालं' ही समजूत इथे सगळ्यात महाग पडते, म्हणून आधी आत काय घडतं ते बघू.

गिअरबॉक्स का जळतो

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा एक पंप असतो आणि तो इंजिनाच्या बाजूने फिरतो. इंजिन चालू तर पंप चालू, इंजिन बंद तर पंप बंद. आता गाडी ओढली जात आहे, इंजिन बंद आहे आणि लिव्हर न्यूट्रलला आहे. न्यूट्रलने तुटतो तो फक्त इंजिनाचा संबंध. चाकं, अ‍ॅक्सल, प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट ही साखळी जोडलेलीच राहते. चाकं ताशी ९०-१०० किलोमीटरने फिरायला लागली, की गिअरबॉक्सच्या आतले प्लॅनेटरी गिअर आणि बुशही फिरायला लागतात. तेल मात्र खालच्या पॅनमध्ये पडून राहतं. बुश कोरडे घासतात, तापतात, धातूची भुकटी तेलात मिसळते, क्लच प्लेटांचं अस्तर करपतं. यातलं काहीही ड्रायव्हरला ऐकू येत नाही, कारण तो पुढे मोटरहोमच्या स्टिअरिंगवर बसलेला असतो. मुक्कामी पोचल्यावर गाडी सुरू करून डीवर टाकली आणि ती जागची हललीच नाही, की मग तेलाची दांडी बाहेर काढली जाते. ती काळी पडलेली असते आणि तिला जळका वास येत असतो.

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत यावर एक नामी तोड असते, पण सगळ्यांत नसते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची वेगळी पेटी असते. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला वाटून देणं हे तिचं काम. ज्या ट्रान्सफर केसला हाय आणि लो असे दोन रेंज असतात, तिच्यात बहुधा त्या दोघांच्या मधे स्वतःचं न्यूट्रल असतं. गिअरबॉक्सचं एन आणि ट्रान्सफर केसचं एन या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्सफर केस एनला नेली, की आतली सरकती कॉलर ना हायच्या दातांत असते ना लोच्या. गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट एकीकडे सुटा, चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट दुसरीकडे सुटे. चाकं हजार मैल फिरली तरी गिअरबॉक्सला त्याचा पत्ता नसतो.

मग जे फिरतं त्याला तेल कोण देतं? डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीत, मोठा क्राउन गिअर तेलात बुडालेला असतो. तो फिरला की आपोआप तेल उडवतो, त्याला इंजिन लागत नाही. आणि फ्लॅट टोइंगला चालणाऱ्या अनेक ट्रान्सफर केसमध्ये एक छोटा पंप मागच्या आउटपुट शाफ्टवर बसवलेला असतो. मागची चाकं फिरली की तो शाफ्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर पंपही.

आता एक बारकावा. जीप रँग्लरसारख्या गाडीत ट्रान्सफर केस एनला टाकल्यावर गिअरबॉक्स पार्कमध्ये ठेवायला सांगतात. हे अनेकांना उलटं वाटतं, कारण ओढायच्या गाडीला पार्कमध्ये कसं ठेवायचं? कारण तेलाचा चिकटपणा. ट्रान्सफर केसमध्ये फिरणारे आणि थांबलेले शाफ्ट एकाच तेलात, एकमेकांना लागून असतात. फिरणारा शाफ्ट तेलामार्फत थांबलेल्याला हळूहळू आपल्याबरोबर ओढायला लागतो, आणि तो थांबलेला शाफ्ट म्हणजेच गिअरबॉक्सचा मागचा भाग. तासन् तास तो असा कोरडा फिरत राहिला तर पुन्हा तेच दुखणं. पार्क लावलं, की आतला अडकण खाचेत बसतो आणि शाफ्ट हलत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्स असलेली गाडी याच कारणासाठी गिअरमध्ये ठेवतात. पण हा सरसकट नियम नाही; काही उत्पादक गिअरबॉक्सही न्यूट्रलमध्येच ठेवायला सांगतात. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच करायचं.

कोणती गाडी चालते

मागच्या दारावरच्या 'फोर बाय फोर' या बिल्ल्यावरून काहीही ठरत नाही. एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही. जीप ग्रँड चेरोकी हे त्याचं ठळक उदाहरण. क्वाड्रा-ट्रॅक टू किंवा क्वाड्रा-ड्राइव्ह टू (जीपच्या फोर-व्हील-ड्राइव्ह यंत्रणांची नावं) असलेल्या गाडीत दोन रेंजची ट्रान्सफर केस आणि तिचं न्यूट्रल असतं, त्यामुळे ती ओढता येते. क्वाड्रा-ट्रॅक वन असलेल्या गाडीत एकच रेंज, न्यूट्रल नाही, म्हणून ती ओढायची नाही. शेव्हरोले सिल्व्हराडोसारख्या पिकअपमध्येही हाच निकष: दोन रेंजच्या, न्यूट्रल असलेल्या ट्रान्सफर केसची गाडी चालते, एका रेंजची नाही.

लो रेंज दिसला म्हणून लगेच खूश व्हायचं नाही. टोयोटा फोररनरला लो रेंज असूनही कंपनी चारही चाकांवर ओढायला नाही म्हणते. ऑटोमॅटिक सुबारूलाही मनाई आहे. होंडा सीआर-व्हीची गोष्ट आणखी निराळी. तिच्यात ट्रान्सफर केसचं न्यूट्रल नव्हतं, तरी २०१४ पर्यंतच्या ऑटोमॅटिक गाडीला कंपनीची परवानगी होती. अट अशी, की निघण्याआधी इंजिन चालू करून लिव्हर ठरलेल्या क्रमाने फिरवायचा, शेवटी न्यूट्रलमध्ये इंजिन थोडा वेळ चालू ठेवून तेल आतवर पोचू द्यायचं आणि मगच बंद करायचं. २०१५ मध्ये तिला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आला आणि ती परवानगी गेली. जुन्या मॉडेलचा अनुभव ऐकून नवी गाडी बांधणारे इथेच फसतात.

म्हणून गाडी विकत घेण्याआधी त्याच वर्षाची, त्याच इंजिन-गिअरबॉक्सची पुस्तिका उघडायची आणि करमणुकीच्या प्रवासासाठी ओढण्याचं प्रकरण वाचायचं. बंद पडलेली गाडी टो ट्रकने नेण्याचं प्रकरण वेगळं असतं. त्यातली थोड्या अंतराची सवलत इथे लागू होत नाही. आणि विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर तर अजिबात जायचं नाही.

पुढची दोन चाकं छोट्या डॉलीवर (दोन चाकांच्या गाड्यावर) चढवून मागची दोन रस्त्यावर ठेवण्याची पळवाट फोर-व्हील-ड्राइव्हला लागू पडत नाही. एक अ‍ॅक्सल थांबलेला आणि दुसरा फिरता, असं झालं की ट्रान्सफर केस, मधला कपलिंग किंवा गिअरबॉक्स यांपैकी कुणीतरी बळी जातं. पुस्तिका 'नाही' म्हणत असेल, तर चारही चाकं वर घेणारा ट्रेलर हाच सरळ मार्ग.

वजनाचं गणित

बऱ्याच मोटरहोमच्या मागच्या हिचवर (टो बार अडकवायच्या जोडावर) ५,००० पौंड असा आकडा असतो, म्हणजे सुमारे २,२७० किलो. तो पाहून लोक निश्चिंत होतात. पण तेवढ्याने भागत नाही. समजा मोटरहोमचं कमाल भरलेलं वजन २२,००० पौंड आहे आणि मोटरहोम अधिक मागची गाडी मिळून कमाल २६,००० पौंड. मोटरहोम काठोकाठ भरलेलं असेल, तर मागे उरतात ४,००० पौंड, म्हणजे जेमतेम १,८०० किलो. चार दारांची रँग्लर रिकामीच त्याहून जड भरते. अशा वेळी हिच कितीही भक्कम असो, ती गाडी त्या मोटरहोममागे बसत नाही. पाण्याच्या टाक्या आणि सामान कमी करून मोटरहोमच हलकं करावं लागतं. हिच, बॉल माउंट किंवा ड्रॉप रिसीव्हर (हिच आणि टो बार यांच्यामधला जोडतुकडा; ड्रॉप रिसीव्हर उंचीतला फरक भरून काढतो), टो बार आणि बेस प्लेट (मागच्या गाडीवर बसणारा सांगाडा) या साखळीत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तोच खरा आकडा. गाडीचं वजन अंदाजाने धरू नका. तिच्यात नेहमी राहणारं सामान ठेवून वजनकाट्यावर घाला.

जोडणीचं सामान

बेस प्लेट हा पोलादी सांगाडा बंपरच्या मागे गाडीच्या चासीला बोल्टने बसतो. त्यासाठी बंपरचं कव्हर उतरवावं लागतं, कधी खालची जाळी कापावी लागते. नव्या गाड्यांत तिथेच रडार आणि हवेच्या झडपा असतात, तेव्हा प्लेट त्यांच्या आड येते का ते आधीच विचारून घ्या. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे, थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावायचं, आणि पहिल्या प्रवासानंतर पुन्हा तपासायचे. सैल बेस प्लेट पहिल्यांदा फक्त 'टक टक' असा आवाज करते. नंतर बोल्टची भोकं लांबट होतात.

टो बार मोटरहोमच्या हिचमध्ये राहतो. त्याचे दोन पाय दुर्बिणीसारखे आत-बाहेर होतात, त्यामुळे गाडी अगदी नेमकी उभी करावी लागत नाही. जोडल्यावर मोटरहोम हळू पुढे घेतलं, की दोन्ही पाय पूर्ण बाहेर येऊन खटकन लॉक होतात. दोन्ही, एक नव्हे. खाली उतरून डोळ्यांनी बघायचं. टो बार जमिनीला जवळपास समांतर हवा. हिच आणि बेस प्लेट यांच्या उंचीत ३-४ इंचांहून जास्त फरक असेल तर ड्रॉप रिसीव्हर लावा. उतार जास्त झाला, तर जोरात ब्रेक लागताच गाडी मोटरहोमच्या खाली घुसायला बघते.

सेफ्टी केबल टो बारच्या खालून एकमेकींना ओलांडून, फुलीसारख्या जोडतात, म्हणजे बार तुटलाच तर तो रस्त्यात रुतण्याऐवजी केबलच्या पाळण्यात पडतो. मागच्या दिव्यांसाठी विजेची केबल वेगळी. ती थेट गाडीच्या वायरिंगला जोडली तर उलटा करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरतो, म्हणून प्रत्येक तारेत डायोड घालतात, किंवा मागच्या दिव्याच्या खोक्यात स्वतंत्र बल्ब बसवतात. इंडिकेटर अर्धवट लुकलुकत असेल किंवा ब्रेक दाबला की दुसराच दिवा लागत असेल, तर आधी अर्थिंग बघा. दहातल्या आठ वेळा दोष तिथेच सापडतो.

मागच्या गाडीचे ब्रेक

हा भाग टाळून पैसे वाचवणारे बरेच असतात. तसं करू नका. मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या वजनासाठी बनवलेले असतात. मागे दोन टन विनाब्रेकचं वजन ढकलत असेल, तर थांबायचं अंतर वाढतं आणि घाटाच्या उतारावर ब्रेक लवकर तापून बसतात. अनेक अमेरिकी राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ओढल्या जाणाऱ्या वजनाला स्वतंत्र ब्रेक कायद्यानेच लागतात, काही ठिकाणी ही मर्यादा त्याहून बरीच खाली आहे.

साधन दोन तऱ्हेचं असतं. एक पेटी ड्रायव्हरच्या सीटपुढे ठेवायची. वेग कमी होतोय हे तिला आतल्या सेन्सरवरून कळतं आणि तिचा दांडा ब्रेकचं पेडल दाबतो. दुसरं कायमचं बसवलेलं, जे मोटरहोमच्या एअर ब्रेककडून किंवा विजेच्या संकेताकडून हुकूम घेतं. रोज जोड-सोड करणाऱ्याला कायमचं बरं पडतं. दोन वेगवेगळ्या गाड्या ओढणाऱ्याला पेटी.

पेटी लावताना एक चूक फार होते. इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागात) थोडं व्हॅक्यूम शिल्लक राहतं, पेडल मऊ लागतं, आणि लोक त्याच मऊ पेडलवर पेटी जुळवतात. योग्य रीत अशी: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबा, ते दगडासारखं कडक झालं की मग पेटी जुळवा. सीट पुढे ओढून दांडा पेडलवर दाबून बसवला, तर ब्रेक सतत किंचित लागलेले राहतात. पन्नास मैलांत डिस्क निळ्या पडतात, पॅड धुरकटतात. हायब्रिड गाड्यांत बूस्टर विजेवर चालतो आणि तो जागा राहू शकतो. तिथे पेटीचा जोर अगदी कमी ठेवावा लागतो.

याच्या जोडीला ब्रेकअवे स्विच. त्याची पातळ केबल मोटरहोमच्या चासीला बांधायची, सेफ्टी केबलला नाही. गाडी सुटलीच तर पिन ओढली जाते आणि ब्रेक आपोआप लागतात. प्रवासाआधी पिन एकदा हाताने ओढून बघा.

प्रत्यक्ष जोडणी, रँग्लरसारख्या गाडीत

सपाट जागा निवडा. गाडी मोटरहोमच्या मागे सरळ रेषेत आणा, पार्किंग ब्रेक घट्ट ओढा आणि चाकांना अडणी लावा. अडणी लावायला विसरू नका, कारण ट्रान्सफर केस एनला गेली की पार्क निकामी होतं. लिव्हर पीवर दिसतो, पण चाकांचा आणि पार्कचा संबंधच उरलेला नसतो. हलक्या उतारावरही गाडी निघून जाते. या कामातले सगळ्यात वाईट अपघात असेच होतात, गाडी आणि मोटरहोम यांच्या मधे उभं राहून पिन लावताना.

मग टो बार जोडा, दोन्ही पिना आणि त्यांच्या क्लिपा, सेफ्टी केबल, दिव्यांची केबल, ब्रेकअवे. त्यानंतर आत बसा. पाय ब्रेकवर ठेवून गिअरबॉक्स एनला न्या आणि मग ट्रान्सफर केस एनला. जुन्या लिव्हरच्या गाडीत तो टू-हाय, फोर-हाय ओलांडून एनमध्ये येतो. थोडा जोर लागतो आणि मधल्यामधे अर्धवट थांबण्याची शक्यता असते. बटणाच्या गाडीत एनचं बटण मुद्दाम आत, खोलगट जागी असतं. ग्रँड चेरोकीत ते बॉलपेनच्या टोकाने चार सेकंद दाबून धरावं लागतं. एनचा दिवा आधी लुकलुकतो आणि काम झालं की स्थिर होतो. दिवा लुकलुकत असेपर्यंत हात काढू नका.

खरं एन लागलं की नाही याची परीक्षा: इंजिन चालू, पार्किंग ब्रेक लागलेला. रिव्हर्स टाका आणि पायाचा ब्रेक पाच सेकंद सोडा. गाडीने जराही ओढ घ्यायची नाही. मग डीवर टाकून तेच. थोडीशी जरी ओढ जाणवली तरी ट्रान्सफर केस अर्धवट आहे, सगळं पहिल्यापासून. परीक्षा पास झाली की इंजिन बंद, गिअरबॉक्स पीवर, किल्ली अशा जागी की स्टिअरिंग लॉक होणार नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे हाताने फिरवून बघा. अडणी काढा आणि पार्किंग ब्रेक शेवटी सोडा.

किल्ली ऑनवर राहिली किंवा ब्रेकची पेटी गाडीच्या बॅटरीवर चालत असली, की संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरते. त्यासाठी मोटरहोमकडून चार्जिंगची तार घ्यावी. काही मॉडेलना बॅटरीची निगेटिव्ह तार काढायला सांगतात, काहींना एखादा फ्यूज काढायला, हेही पुस्तिकेतूनच.

रस्त्यावर

निघाल्यावर पहिले वीस-तीस मीटर अगदी हळू चला आणि कुणाला तरी बाजूला उभं करून चारही चाकं फिरतात का, वळताना पुढची चाकं वळतात का ते पाहायला सांगा. पाच-सात मैलांवर एकदा थांबा. चारही चाकांचं तापमान सारखं हवं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर हात जवळ नेऊन. एखादंच चाक तापलं असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय.

एखाद्या खड्ड्यावरून किंवा झटक्याने वळल्यावर मागच्या गाडीची पुढची चाकं थरथरायला लागतात, स्टिअरिंग डावी-उजवीकडे जोरात हेलकावतं. बहुतेक वेळा झिजलेले टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे), कमी हवा किंवा बंद पडलेलं विजेचं स्टिअरिंग हे कारण असतं. काही मॉडेलसाठी ओढताना स्टिअरिंगला वीज पुरवणारी तारांची जोडणी खुद्द उत्पादकच देतात. ती असेल तर बसवाच. थरथर सुरू झाली की वेग सावकाश कमी करा, ब्रेक दणकन दाबू नका. मोटरहोमचा मागचा कॅमेरा प्रवासभर चालू असला पाहिजे, कारण एवढ्या लांबून टायर फुटल्याचंही समजत नाही.

वेगाची मर्यादा गाडीची वेगळी आणि राज्याची वेगळी. कॅलिफोर्नियात काहीही ओढणाऱ्या वाहनाला कमाल वेग ताशी ५५ मैल आहे.

मागे घेणं मात्र पूर्ण वर्ज्य. पुढे ओढताना पुढची चाकं आपोआप सरळ राहतात. मागे ढकलताना तीच चाकं एका बाजूला पूर्ण वळतात, गाडी आडवी होते, आणि सगळा भार टो बारच्या एका पायावर येऊन तो वाकतो. पेट्रोल पंपावर शिरतानाच बाहेर पडायची वाट बघून ठेवा. अडकलातच तर गाडी सोडवा, मोटरहोम मागे घ्या, पुन्हा जोडा.

सोडवताना क्रम उलटा. सरळ आणि सपाट जागी थांबा, नाहीतर टो बारवर ताण राहतो आणि पिना हातोडीशिवाय निघत नाहीत. आधी पार्किंग ब्रेक आणि अडणी, मग ब्रेकची पेटी बाहेर काढा, म्हणजे पेडलला पाय लावता येईल.  मग टो बार जोडलेलाच ठेवून गाडीत बसा, पाय ब्रेकवर ठेवा, गिअरबॉक्स एनला आणि ट्रान्सफर केस टू-हायला आणा, एनचा दिवा विझल्याची खात्री करा. डीवर टाकून गाडी ओढ घेते का पाहा. ओढ घेतली की पीवर न्या आणि मगच टो बारच्या पायांची लॉकं उघडा, पिना काढा, केबली काढा. शेवटी अडणी जागेवरच ठेवून पार्किंग ब्रेक हळूच सोडा आणि गाडी फक्त पार्कवर धरते का ते पाहा. धरली, तरच अडणी काढा.